शून्य नक्की कुठे आहे?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

आजचा भाग एका वन-स्टार रिव्ह्यूपासून सुरू होतो.

तीन-चार वर्षांपूर्वी मी एका छोट्या टीममध्ये ट्रेकिंगचं ॲप बनवत होते. गडकिल्ले, वाटा, पाण्याची टाकी, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तुमची आत्ताची उंची. एवढंच. रिलीज होऊन आठवडा झाला नाही तोवर एकाने लिहिलं, "कळसूबाई १६४६ मीटर आहे हे शाळेतल्या पोराला पण माहितीये. तुमचं ॲप शिखरावर उभं राहून १५८० दाखवतं. उरलेले ६६ मीटर कोण चढणार, तुमचा डेव्हलपर?"

तो डेव्हलपर म्हणजे मी.

मी आधी काय केलं सांगू? फोनला दोष दिला. कारण गंमत अशी होती की आयफोनवाल्यांना उंची बरोबर दिसत होती, तक्रारी सगळ्या अँड्रॉइडवाल्यांच्या. आम्ही म्हटलं, स्वस्तातले सेन्सर असतील, चालायचंच. मग अलिबागहून एकाचा स्क्रीनशॉट आला. पोरगा समुद्रकिनाऱ्यावर, पाय पाण्यात, आणि आमचं ॲप त्याला सांगतंय की तू उणे साठच्याही खाली आहेस. म्हणजे बिचारा बुडालेला.

आता सेन्सर खराब असेल तर चूक कधी वर जाईल, कधी खाली. ही चूक सगळ्यांची एकाच दिशेने आणि जवळपास तेवढीच होती. अशा वेळी घाईत असलेला इंजिनिअर जे करतो तेच मी केलं. कोडमध्ये एक ओळ टाकली: अँड्रॉइड असेल तर उंचीत ६४ मिळवा. कळसूबाई बरोबर, अलिबाग बरोबर, साल्हेर बरोबर. तिकीट क्लोज. चहा.

दोन महिन्यांनी मुंबईहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने गेलेल्या एका काकांचा मेल आला. अतिशय सभ्य भाषेत. "ताई, मी कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर आहे. आपले ॲप मला समुद्रसपाटीच्या तीस मीटर खाली दाखवत आहे. काही चुकते आहे का?"

चुकत होतं. आणि काय चुकतंय हे शोधताना मला पहिल्यांदा कळलं की 'उंची' या शब्दाचा अर्थच मला माहीत नव्हता. बीटेक होऊन.

तर बघा. उंची म्हटलं की पहिला प्रश्न हवा, कशापासून? जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून साधारण २०,२०० किलोमीटर वर आहेत. तिथून सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून फोन अंतर काढतो, आणि चार-पाच उपग्रहांची अंतरं जुळवून आपली जागा ठरवतो. ही निव्वळ भूमिती आहे. उपग्रहाला समुद्र कुठे आहे हे ठाऊक नसतं. त्यामुळे तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून. ध्रुवांकडे किंचित दाबलेला, अगदी गुळगुळीत चेंडू. विषुववृत्तावर त्याची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवावर ६,३५७. छान, सुटसुटीत, सूत्रात बसणारा.

पण आपण 'समुद्रसपाटीपासून' म्हणतो तेव्हा हा चेंडू आपल्या मनात नसतो. आपल्या मनात पाणी असतं.

इथे मला गवंडी आठवतो. बांधकामावर तुम्ही ती पारदर्शक नळी बघितली असेल, लेव्हलची नळी. आत पाणी भरतात, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबतं तिथे पेन्सिलने खूण करतात. दोन खुणा एका लेव्हलला. ना बॅटरी, ना ॲप. आता कल्पना करा, गवंड्याची हीच नळी अलिबागच्या समुद्रात बुडवली आणि दुसरं टोक जमिनीखालून कळसूबाईच्या पोटात नेलं. पाणी जिथे थांबेल तो कळसूबाईच्या खालचा समुद्र. अशा नळ्या सगळ्या पृथ्वीभर टाका. त्यांतल्या पाण्याने जो पृष्ठभाग तयार होईल त्याला म्हणतात जिऑइड. खरी समुद्रसपाटी ही.

आणि हा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. कारण नळीतलं पाणी कुठे थांबणार हे गुरुत्वाकर्षण ठरवतं, आणि पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखं वाटलेलं नाही. कुठे जड, कुठे हलकं. जगातला या पृष्ठभागाचा सगळ्यात खोल भाग आपल्याच शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात, त्या गणिती चेंडूपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली. तिथून जहाज गेलं तर घसरत नाही बरं का, कारण पाण्याच्या दृष्टीने ते 'आडवंच' आहे. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फरक साठ-पासष्ट मीटरचा, कन्याकुमारीला नव्वदच्या आसपास. माझे ६४ तिथे कमी पडले ते यामुळे. आयफोन हा फरक आधीच वजा करून देत होता, अँड्रॉइड कच्चा आकडा देत होतं. अँड्रॉइड १४ पासून ही सोय तिकडेही आली.

मग मी काय केलं, तर जगभरच्या जिऑइडचा एक तक्ता असतो, तो घेतला. ईजीएम ९६, ईजीएम २००८ अशी त्यांची नावं. अमेरिकी संस्थांनी बनवलेले, कोणालाही फुकट. अक्षांश-रेखांश द्या, तिथला फरक घ्या, वजाबाकी करा. आमच्या कोडमध्ये जेमतेम वीस ओळी वाढल्या. सायकलवाल्या काकांना मेल केला, त्यांचं उत्तर आलं, "आता मी पाण्यावर आलो आहे. आभारी आहे."

वीस ओळी. पण त्या तक्त्यामागे जे शास्त्र आहे त्याला म्हणतात जिओडेसी, मराठीत भूगणित. पृथ्वीचा आकार, तिचं गुरुत्वाकर्षण, आणि अवकाशात ती कशी फिरते, हे मोजणं. आणि मला हे सगळं इतकं लागलं, त्याचं कारण ॲप नाहीये. त्याचं कारण सांगली.

माझं घर सांगलीत, गावभागात. नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात हॉस्टेलवर होते. कृष्णेला पाणी चढत होतं, हायवे बंद, मी अडकलेली. आई दर दोन तासांनी फोनवर आकडा सांगायची. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात, सांगलीकरांना हे पाठ असतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. "अठ्ठेचाळीस झालं गं." "पन्नास झालं." आणि प्रत्येक वेळी आईचा पुढचा प्रश्न एकच, "आपल्याकडे येईल का?"

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आजीकडे होतं, असं आम्हाला वाटलं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आजीने कोळशाने ओढलेली एक रेघ होती. २००५ चं पाणी इथपर्यंत आलं होतं. कंबरेच्याही खाली. आजीने त्या रेघेच्या चांगलं हातभर वर एका फळीवर ट्रंक ठेवली. तिच्यात आजोबांची कागदपत्रं, सातबारे, लग्नाचे फोटो. "त्याच्या वर कुठलं येतंय," असं ती म्हणाली. सगळी सांगली तेव्हा हेच म्हणत होती. ज्याच्या त्याच्या मनात २००५ ची रेघ होती. मग सगळे विश्रामबागला मावशीकडे गेले, कारण तो भाग उंचावर.

त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात ते ट्रंकेच्याही वर गेलं. दहा-बारा दिवसांनी घरी पोचले तेव्हा आजी फोटो एकेक सोडवून उन्हात वाळत घालत होती. बऱ्याच फोटोंवर आता नुसता रंग आहे, माणसं नाहीत.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट टोचत राहिली. आकडा तर होता आमच्याकडे. तासातासाला येत होता. पण तो पुलाच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा आकडा होता, आणि आमच्या उंबऱ्याला ते शून्य माहीत नव्हतं. पुलाची पट्टी एक भाषा बोलत होती, आमची भिंत दुसरी. मधे दुभाष्या नव्हता.

नंतर दुभाष्याचं काम माझ्या मामाने केलं. तो ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालाय. मला म्हणाला, "अगं, पुरानेच लेव्हल काढून दिलीय की." भिंतीवर चिखलाची रेघ होती, उंबऱ्यापासून साडेसहा फुटांवर. ही रेघ उमटली तेव्हा पुलावर ५७ होते. सत्तावन्नातून साडेसहा वजा. साडेपन्नास. म्हणजे आयर्विनला पन्नास झाले की पाणी आमच्या उंबऱ्याला लागणार. हे गणित ढोबळ आहे, कबूल. वाहत्या पाण्याला उतार असतो, प्रत्येक पूर वेगळा वागतो, आणि हा हिशोब आमच्या गल्लीपुरताच. पण पहिल्यांदा आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पातळीने पुन्हा पन्नाशी ओलांडली. पण पुलावर पंचेचाळीस झाले तेव्हाच ट्रंक, गॅस सिलेंडर, आजी, सगळं विश्रामबागेत होतं. पाणी घरात आलंच. पण घरात पाणी आलं, एवढंच. कोणाचा फोटो गेला नाही.

त्या एका वजाबाकीत अख्खी जिओडेसी आहे, असं मला वाटतं. दोन ठिकाणच्या उंची एकाच शून्यावर आणायच्या. आमच्या घरापुरतं पुराच्या रेघेने भागलं. पण पूर यायच्या आधी, सगळ्या शहराला, प्रत्येक उंबऱ्याला हे सांगायचं असेल तर? मग सगळ्यांना मान्य असलेलं एक शून्य लागतं.

असं शून्य बनवायला किती कष्ट पडतात बघा. तुम्ही रेल्वे स्टेशनवरचा पिवळा बोर्ड पाहिलाय ना, खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नागपूरच्या बोर्डावर समुद्र कुठून आला? तर किनाऱ्यावरच्या काही बंदरांत, आपली मुंबई त्यातच आली, वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून पाण्याची सरासरी पातळी काढली. आणि तिथून माणसं दुर्बीण आणि पट्टी घेऊन पायी निघाली. पन्नास-शंभर मीटर, वाचन, पुन्हा पन्नास-शंभर मीटर, वाचन. अशी देशभर. १९०९ मध्ये या सगळ्या रेषा जुळवून भारताच्या उंचींचं पहिलं जाळं तयार झालं. वाटेत दगडांवर, पुलांच्या कठड्यांवर खुणा कोरल्या. त्या खुणांना म्हणतात बेंचमार्क. हो, आपण प्रोसेसरचे आणि फोनचे बेंचमार्क म्हणतो तो शब्द या दगडावरून आलाय. कुठे जुन्या दगडावर 'जीटीएस बीएम' अशी अक्षरं कोरलेली दिसली तर त्यावर बसून सेल्फी काढा, पण उखडू नका.

शून्य एक नसेल तर काय होतं याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मधे ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला पूल बांधत होते. जर्मनीची समुद्रसपाटी उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. इंजिनिअरांना हे माहीत होतं. त्यांनी दुरुस्तीही केली. फक्त अधिकच्या जागी उणे झालं. २००३ मध्ये लक्षात आलं की दोन बाजू ५४ सेंटीमीटरने वरखाली येणार आहेत. चिन्हाची चूक. मित्रांनो, हा बग आपण सगळ्यांनी केलाय. फक्त आपला पूल सिमेंटचा नसतो.

बरं. आता मी माझी फजिती सांगते.

हे सगळं वाचून माझं डोकं इतकं भारावलं होतं की गेल्या वर्षी माझ्या जुन्या शाळेत 'नवीन तंत्रज्ञान' यावर बोलायला बोलावलं तेव्हा मी जिओडेसीच निवडली. पन्नास स्लाइड. पहिली स्लाइड: अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्वेसार. मला वाटलं पोरं तोंडात बोटं घालतील. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावर जांभया सुरू झाल्या. दहाव्या मिनिटाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

मी लॅपटॉप बंद केला. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, "तुमच्या घरात २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

एकदम तीस हात वर. "आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला." "आमच्याकडे मीटरच्या पेटीपर्यंत." "आमचं घर आणि काकांचं घर शेजारी आहे, तरी त्यांच्याकडे कमी आलं, असं का?" हा शेवटचा प्रश्न विचारणारा मुलगा मघाशी जांभया देत होता! मग आम्ही फळ्यावर सगळ्यांच्या पायऱ्या मांडल्या, आणि मी आमची साडेपन्नासची वजाबाकी करून दाखवली. तासाच्या शेवटी पोरांनी स्वतःहून विचारलं की हे मोबाइलवर नाही का करता येणार? आणि तिथून, उलट्या दिशेने, आम्ही क्वेसारपर्यंत पोचलो.

आज तुम्हालाही त्याच वाटेने नेते. पटापट.

मोबाइलवर उंबऱ्याची उंची काढायची, तर आधी जागा अचूक हवी. साध्या फोनची चूक काही मीटरांची असते. ती सेंटीमीटरवर आणायची तर जवळ एखादं कायमस्वरूपी स्टेशन लागतं, ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे आणि जे रात्रंदिवस उपग्रह ऐकत बसलंय. भारतीय सर्वेक्षण विभागाने म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर अशा स्टेशनांचं जाळं उभं केलंय, नाव कॉर्स. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होऊन प्रॉपर्टी कार्ड मिळतंय ना, ती स्वामित्व योजना, तिच्यात हे जाळं कामाला येतं. आपल्याकडे याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातून झाली होती. ज्या घराला आजवर कागद नव्हता त्याला कागद मिळाला, कारण कोपरा कुठे आहे हे आता सांगता येतं.

पण त्या स्टेशनची जागा 'पक्की' कशी? ते ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनच सरकतेय. भारताचा भूखंड दर वर्षी साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे जातो. माझं वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्या जन्मापासून सांगली जवळजवळ दीड मीटर सरकलीये. तर जागा सांगताना तारीखही सांगावी लागते. आणि सरकली कशाच्या तुलनेत? पुन्हा तोच प्रश्न. कशापासून? जमीन नाही चालणार, ती हलते. उपग्रह नाही चालणार, तेही त्या जमिनीवरूनच मोजतो. शिवाय पृथ्वी स्वतः एकसारखी फिरत नाही. वारे, समुद्र, पोटातला वितळलेला गाभा, सगळे तिला थोडं थोडं ढकलतात. दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या हिशोबात कमीजास्त होते. एक मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण विषुववृत्तावर जमीन सेकंदाला ४६५ मीटर वेगाने फिरते. एका मिलिसेकंदात ४६ सेंटीमीटर. आमच्या उंबऱ्यापेक्षा जास्त.

तेव्हा जगातल्या सगळ्यात न हलणाऱ्या गोष्टीकडे बघावं लागतं. ती म्हणजे क्वेसार. इतके दूर की आपल्याला ते जागचे हललेले दिसतच नाहीत. वेगवेगळ्या खंडांवरच्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारकडे कान लावतात, सिग्नल कोणाकडे किती आधी पोचला ते मोजतात, आणि त्यावरून ठरतं की पृथ्वी आत्ता नक्की कशी वळलेली आहे. दुसरीकडे लेझरने उपग्रहांवर टिचक्या मारतात. लॅजिऑस नावाचा एक उपग्रह १९७६ मध्ये सोडला, ६० सेंटीमीटर व्यासाचा धातूचा गोळा, अंगभर ४२६ आरसे. त्यात काही इलेक्ट्रॉनिक्स नाही, इंजिन नाही. फक्त परत चमकायचं. त्यावरून पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य कुठे आहे ते कळतं. म्हणजे खऱ्या अर्थाने शून्य. लेझर, दुर्बिणी, जीपीएस, सगळं एकत्र करून जगाची एक चौकट तयार होते, आणि ती अधूनमधून पुन्हा काढावी लागते, कारण जग हलत राहतं. हे एकदा करून संपणारं काम नाही. आपल्या भाषेत, हे मेंटेनन्सचं काम आहे. आणि मेंटेनन्सला टाळ्या मिळत नाहीत.

ही चौकट किती महत्त्वाची आहे हे जगाला औपचारिकपणे कधी सांगितलं गेलं? २०१५ मध्ये. २६ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक भूगणिती चौकटीबद्दल ठराव केला. तो मांडला कोणी? फिजीने. मला यात फार अर्थ दिसतो. बेटांचा देश आहे. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर वाढतोय, १९९३ पासून सरासरी १० सेंटीमीटरच्या आसपास वाढलाय. मिलिमीटर मोजायचे असतील तर तुमचं शून्य त्याहून जास्त स्थिर हवं. नाहीतर समुद्र वर आला की मोजपट्टी खाली गेली, कळणारच नाही. फिजीसाठी हा आईचाच प्रश्न आहे. आपल्याकडे येईल का? पुढे २०२३ मध्ये जर्मनीत बॉनला संयुक्त राष्ट्रांचं याच कामासाठीचं केंद्र सुरू झालं. देशांनी एकमेकांना डेटा द्यावा, नवी स्टेशनं उभारावीत, माणसं तयार करावीत यासाठी. कारण अशी स्टेशनं मोजकी आहेत, आणि दक्षिण गोलार्धात तर फारच विरळ.

अजून एक उदाहरण, मग थांबते. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी होती, २००२ ते २०१७. २०१८ पासून तिची धाकटी जोडी काम करतेय. दोन उपग्रह, एकामागे एक, साधारण २२० किलोमीटर अंतराने. खाली जमिनीत वस्तुमान जास्त असेल तर पुढचा आधी ओढला जातो, अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदलतं, आणि ते मोजता येतं. थोडक्यात, हे उपग्रह फोटो काढत नाहीत, पृथ्वीचं वजन करतात. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी या आकड्यांवरून दाखवलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. हा आकडा ऐकून मला काहीच वाटलं नाही. मग मी तो आमच्या मापात बसवला. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे जवळजवळ ३ घन किलोमीटर. १०९ म्हणजे छत्तीस कोयना. जमिनीखालून. कोणाच्या डोळ्यांदेखत नाही, कारण बोअरचं पाणी दिसत नाही, फक्त बोअर खोल जाते. छत्तीस कोयना म्हटल्यावर माझा मामा खुर्चीत सरळ झाला.

हेच मला आज म्हणायचंय. या क्षेत्रातली माणसं सांगताना बहुतेक वेळा म्हणतात, आमच्याशिवाय काहीच चालणार नाही: विमानं, बँका, नकाशे, हवामान. ते शंभर टक्के खरं आहे. पण 'सगळं' या शब्दाने कोणाच्या पोटात हलत नाही. सातव्या पायरीने हलतं. लोकांना उंची कळत नाही असं नाहीच. आजीला कळत होती, तिने भिंतीवर रेघ मारली होती. गवंड्याला कळते. सांगलीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला कळते. त्यांना शून्य जोडून द्यायचं राहिलंय. ते जोडून दिलं की क्वेसारसुद्धा त्यांना आपले वाटतात. मग सरकारने एखाद्या स्टेशनवर, मोजणीवर, पूररेषेच्या नकाशावर खर्च केला तर 'हे कशाला' असं विचारणारे कमी होतील. आणि खर्च केला नाही तर 'का नाही' असं विचारणारे वाढतील. मला दुसरे जास्त हवेत.

आता तुमचं काम. एक, आज फोनवर तुमच्या जागेची उंची बघा आणि स्वतःला विचारा, कशापासून? दोन, पुढच्या वेळी स्टेशनवर पिवळ्या बोर्डाखालचा आकडा वाचा. आणि तिसरं, हे खरं महत्त्वाचं: तुमचं गाव नदीकाठी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या दिवशी पुलावर किंवा धरणावर किती आकडा होता ते जुन्या पेपरात मिळेल. दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लिहून ठेवा. ऑइल पेंटने लिहा. कोळसा पुसला जातो.

आमच्या स्वयंपाकघरात आता तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. प्रत्येकीपुढे मामाच्या अक्षरात आयर्विनचा आकडा. आणि उंबऱ्यावर, जिथे आजी रांगोळी काढते त्याच्या बाजूला, लहानसं लिहिलंय: ५०.

सर्व्हे खात्याच्या नकाशात हा बेंचमार्क सापडणार नाही. पण आई आता फोनवर मला 'येईल का' विचारत नाही. आकडा ऐकते, आणि बॅग भरायला घेते.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या भिंतीवरच्या रेघेचा फोटो पाठवायला विसरू नका.